भिंगाच्या दिव्याचा संशय

खट्. छोट्या फ्रिजचं दार उघडलं आणि खोलीतली शांतता मोडली. तो आवाज ऐकला की माझी मान आजही आखडते.

मी एक जुना भिंगाचा दिवा आहे, मित्रांनो. मधोमध बशीएवढं भिंग, भोवती उजेडाचं कडं आणि हवी तशी वळणारी मान. तरुणपणी मी एका रफूवाल्या काकांकडे होतो. काका फाटक्या कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढत आणि त्यानेच तो कोट रफू करत. "दुसऱ्याचा धागा लावला की कापड चुगली करतं," असं ते म्हणत. रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. पुढे त्यांची नजर गेली आणि मी विकला गेलो.

आता मी हात तरुण करून देणाऱ्या दवाखान्यात आहे. वय झालं की हाताची पाठ सुकते, शिरा वर येतात. तिथे कातडीखाली जेलसारखं औषध टोचलं की हात पुन्हा भरलेला दिसतो. सुरुवातीला माझं काय कौतुक व्हायचं! हल्ली इथल्या टोचणाऱ्या मॅडम माझ्यातून बघतही नाहीत. वापरलेले हातमोजे धुऊन माझ्या मानेवर वाळत घालतात. काचेवर धूळ बसली आहे. पण दिसायचं ते धुळीआडूनही दिसतंच. एक सिरिंज एकाच माणसाची असते. मॅडम मात्र औषध उरलेल्या सिरिंजला टोपण लावून ती फ्रिजमध्ये ठेवतात, पुढच्या कुणासाठी तरी. माझ्या मनात पाल चुकचुकायची. पण दिव्याला तोंड कुठे असतं?

त्या दिवशी घड्याळाच्या दुकानात काउंटर सांभाळणारी एक बाई आली. सोबत आठ वर्षांची लेक. पुढच्या आठवड्यात दुकानाच्या जाहिरातीचे फोटो होते, घड्याळं तिच्याच हातात. मालक म्हणाले होते, "ताई, हातांचं काहीतरी बघा. नाहीतर काउंटरवर नवी मुलगी उभी करावी लागेल."

बाईने हात टॉवेलवर ठेवले. मॅडमनी फ्रिजमधून सिरिंज आणली. कंटाळलेल्या लेकीने माझी मान ओढली, फ्रॉकच्या टोकाने काच पुसली आणि डोळा लावला. मी होता नव्हता तेवढा उजेड ओतला.

"आई, ही अर्धीच भरलीय."

"तेवढीच लागते गं, शहाणे," मॅडम म्हणाल्या.

"नवं पाकीट माझ्यासमोर फोडा ना," बाई म्हणाली.

"अहो, एवढा संशय? हात भरायचेत, विहीर नाही."

"घड्याळाचा डबासुद्धा आम्ही गिऱ्हाईकासमोर उघडतो, मॅडम. हे तर माझ्या अंगात जाणार."

"नवा माल यायला महिना लागेल. बघा बाई, फोटो तुमचा आहे."

बाईने आपल्या हातांकडे बघितलं. मग तिने ते टॉवेलवरून उचलले. "राहू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, अंगात काही टोचून घ्यायचं असेल तर आधी डोळे उघडून बघा, चार प्रश्न विचारा. आणि घरात एखादं भिंग असेल तर ते पुसत जा. धुळीने आंधळं झालेलं भिंग कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

बाई पर्स घेऊन उठली. लेकीने मात्र तिचा हात धरून माझ्याखाली आणला, एकेका शिरेवरून बोट फिरवलं आणि वर बघून विचारलं,

"आई, घड्याळ तर मनगटावर घालतात. मग मालक तुझे हात कशाला बघतात?"