धर्माबादचा काटा, नांदेडची धावपट्टी

मी एक जुना वजनकाटा आहे. नांदेडच्या विमानतळामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्या कोपऱ्यात, मोडक्या हातगाडीच्या आणि रंग उडालेल्या बाकाच्या मध्ये मी उभा आहे. तुम्ही मला पाहिलं नसणार. पण मित्रांनो, विमान उतरलं की इथली जमीन हलते आणि माझी दांडी थरथरू लागते. विमान निघून जातं, माणसं पांगतात, तरी माझी थरथर थांबत नाही. मला चैन पडत नाही. असं का, ते मी शेवटी सांगेन.

माझा जन्म गुजरातेत, सावरकुंडल्याचा. माझं अंग बिडाचं आणि दांडी पितळेची. माझ्या पाट्याखाली पोलादाच्या बारीक धारा आहेत, सगळा भार त्यांच्यावर येतो. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने शेवटी पाट्यावर एक आंबा ठेवला. दांडी हलली, तसा तो हसला आणि आंबा खाऊन टाकला. स्वस्थ बसणं काट्याच्या नशिबात नसतं. जो स्वस्थ बसला, तो बिघडला असं समजायचं.

मालगाडीने मी धर्माबादच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात आलो. गुरुपादप्पांच्या आडतीवर माझी जागा होती. गुरुपादप्पा कपाळाला भस्म लावून सकाळीच गादीवर बसत. धर्माबादची मिरची लांबलांब जायची. हंगामात मोंढा लालभडक व्हायचा आणि सगळे शिंकत राहायचे. मिरचीची भुकटी माझ्या खाचाखोचांत जी शिरली, ती कायमची.

मला चालवणारा तोलार म्हणजे भुजंग. हडकुळा होता, पण आवाज खणखणीत. पहिल्या पोत्याला तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. दुसऱ्यापासून आकडे. दांडीवरचं पितळी वजन तो बोटाने सरकवायचा आणि दांडी समतोल झाली की वजन पुकारायचा. माझी दांडी पन्नासवर थांबली, तर भुजंग पुकारायचा, ‘अठ्ठेचाळीस.’

याला कडता म्हणतात. पोत्याचं बारदान, देठ, माती यांच्या नावाने पोत्यामागे दोन किलो कमी धरायचे. मी पन्नास दाखवायचो आणि माझ्या डोळ्यांसमोर अठ्ठेचाळीस लिहिलं जायचं. भुजंगला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याच्या बापानेही तसंच पुकारलं होतं.

एकीला मात्र ते वावगं वाटे. तिचं नाव धुरपताबाई. ती दर साली मिरचीची दोन पोती घेऊन यायची आणि माझ्या अगदी जवळ उभी राहायची. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या दांडीवरच्या खुणा तिने पाठ केल्या होत्या.

“भुजंगा, पोतं दोन किलोचं असतंय का रे? लोखंडाचं शिवलंय काय?” ती विचारायची.

“मोंढ्याचा कायदा हाय मावशे.”

“कायदा कुणी तोलला?”

हमाल हसायचे. भुजंगही हसायचा आणि दोन किलो कापायचाच.

मग दुष्काळ आला. एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्या साली मोंढ्यात लाल रंगच दिसेना. माझ्या पाट्यावर कुत्री झोपू लागली. भुजंग रोज यायचा, माझी दांडी पुसायचा आणि रिकामी दांडी हलवून बघायचा. त्याच सुमारास लातूर जिल्हा नवा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, आणि सगळ्यांना मुंबईला जायची घाई. नांदेडच्या धावपट्टीवर आठवड्यातून तीनदा एकोणीस आसनांचं छोटं विमान येऊ लागलं. माल चढवण्या-उतरवण्याचं काम गुरुपादप्पांनी घेतलं. विमान कंपनीचा काटा यायला वेळ होता, म्हणून त्यांनी मला आणि भुजंगला नांदेडला पाठवलं.

मित्रांनो, पहिल्या दिवशी मला काही उमजेना. पोत्यांऐवजी माझ्यावर माणसं उभी राहू लागली. छोट्या विमानात प्रत्येकाचं वजन करावं लागतं, कारण विमानाला ठरलेल्या भारापेक्षा जास्त घेऊन उडता येत नाही. माणूस माझ्यावर उभा राहिला की आधी शिंकायचा. भुजंग वजन पुकारायचा आणि उदगीरची शिवकांता नावाची मुलगी ते कागदावर लिहायची. बाया म्हणायच्या, “हळू बोला की.” पण भुजंगला हळू बोलता येत नव्हतं. पहिल्या प्रवाशाला त्याने ‘लाभ’ म्हटलं, तर ते गृहस्थ म्हणाले, “माझं नाव लाभ नाही, शेषेराव.”

नव्या जिल्ह्याचे एक साहेब रबरी शिक्क्यांची पेटी घेऊन निघाले होते. त्या पेटीचं वजन साडेबारा किलो भरलं. भुजंगने पुकारलं, “नवा जिल्हा, साडेधा.”

होय. तो इथेही कडता कापत होता. पेटीला दोन किलो, बॅगेला दोन किलो, कारण बॅग म्हणजे बारदान. माणसाला एक किलो, कारण कपडे आणि चपला हेही बारदानच. त्याच्या लेखी तो चोख काम करत होता. शिवकांता ऐकेल ते लिहायची, आणि कप्तान तिचा कागद बघून विमान उडवायचे. मला ओरडता येत नव्हतं. रात्रंदिवस मी आतल्या आत घुसमटत होतो.

थंडीत काही बिघडलं नाही. उन्हाळा लागला तसं विमान उशिरा उठू लागलं. आमचे कप्तान नाशिककडचे, कुलथे त्यांचं नाव. ते शिवकांताला समजावत, “उन्हाने हवा पातळ होते, बाई. पातळ हवेत विमानाला जास्त पळावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात भार कमी घ्यायचा. मी तुझ्या कागदावर विसंबून आहे.”

एप्रिलात एका दुपारी विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत पळत गेलं, तरी उठेना. उठलं तेव्हा पलीकडच्या बाभळींचे शेंडे त्याच्या पोटाला लागता लागता राहिले. परत आल्यावर कप्तान थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“हा काटा खोटा आहे,” ते म्हणाले.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला खोटा म्हटलं. वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. त्यांनी प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. मी तंतोतंत निघालो. त्यांनी माझ्यावर नवा शिक्का मारला आणि चहा पिऊन निघून गेले. कप्तानांचं कोडं तसंच राहिलं. भुजंगने माझ्या खांबावर थोपटलं. “बघ, आपण खरे निघालो,” तो म्हणाला. त्या थोपटण्याने माझी दांडी कितीतरी वेळ हलत होती.

याच दिवसांत कंपनीने नव्या, मोठ्या विमानांची मागणी नोंदवल्याची बातमी आली. ज्या गावाहून माल जास्त जाईल, तिथे मोठं विमान येणार होतं. गुरुपादप्पांना झोप लागेना. मोठं विमान आलं तर धर्माबादची मिरची परदेशी जाईल, मोंढा पुन्हा लाल होईल, असं ते येईल त्याला सांगत. मुंबईहून कंपनीचे एक साहेब दोन दिवस पाहणीला आले. कुठल्या गावाला मोठं विमान द्यायचं, याची बैठक ते परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंबईत होती. आपली बाजू मांडायला गुरुपादप्पा साहेबांसोबतच निघाले. नवं धोतर, नवी टोपी.

त्या दिवशीचा माल म्हणजे उरल्यासुरल्या मिरचीची चार खोकी आणि लोखंडी पेट्या. लोह्याकडच्या गावांत विंधणविहिरी खणणाऱ्या यंत्रांची झिजलेली टोकं त्या पेट्यांत होती. दुरुस्तीला मुंबईला जायची होती. ती परत येईपर्यंत यंत्रं बंद आणि त्या गावांचं पाणीही अडलेलं. विमान काठोकाठ भरलं होतं. कागदावर भार बरोबर ठरल्याइतका होता, एक किलोही जास्त नाही. दुपारचे बारा वाजले होते. धावपट्टीवरची हवा हलताना दिसत होती.

शेवटची प्रवासी माझ्यावर उभी राहिली. मी पावलं ओळखली. धुरपताबाई होती. तिची लेक पंचशीला मुंबईच्या इस्पितळात परिचारिका होती, तिचे दिवस भरत आले होते. तिनेच आईला तिकीट पाठवलं होतं.

भुजंगने पितळी वजन सरकवलं. “बेचाळीस.”

धुरपताबाई खाली उतरली नाही. ती वाकून दांडी बघत होती.

“त्रेचाळीसवर हाय ते.”

“चला मावशे, विमान थांबलंय.”

“थांबू दे. मिरचीत कापलं ते कापलं. आता माझ्यातबी कडता कापून राहिला का रे भुजंगा? माझं काय बारदान हाय?”

बायाबापड्या हसल्या. कप्तान हसले नाहीत. ते विमानाच्या शिडीवरून खाली आले.

“कडता म्हणजे काय?”

भुजंग सहज सांगू लागला. बॅगेला दोन, खोक्याला दोन, माणसाला एक. सांगता सांगता त्याचा खणखणीत आवाज बारीक होत गेला. शिवकांताची पेन्सिल थांबली. तिने कागदावर भराभर बेरीज केली.

“भुजंगमामा,” ती म्हणाली, “नव्वद किलो होतात.”

म्हणजे इतके दिवस एक माणूस न लिहिता विमानात बसून जात होता. तोही चांगला धिप्पाड.

भुजंग ‘काटाच बिघडला’ म्हणू शकला असता. मुंबईचे साहेब समोर होते, आणि गेलेली नोकरी त्या दुष्काळात परत मिळणार नव्हती. मी दांडी रोखून उभा होतो. भुजंगने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कप्तानांकडे.

“काटा खरा हाय साहेब. मीच मोंढ्यातलं बोलत राहिलो. मोंढ्यात माल जातोय, हितं माणसं जातेत, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई.”

कप्तानांनी शिवकांताच्या हातून कागद घेतला आणि बेरीज पाहिली. मग म्हणाले, “नव्वद किलो उतरवा. काय उतरवायचं ते तुम्ही ठरवा. मिरची सगळी काढली तरी पुरणार नाही. लोखंड काढलं तर पुरेल.”

सगळे लोखंडाच्या पेट्यांकडे बघू लागले. धुरपताबाईने आपलं गाठोडं उचललं.

“मी ऱ्हाते. म्या बोलले म्हणून झालं हे. लेकीला कळवा, पुढच्या खेपेला येईन म्हणावं.”

“तुम्ही उतरून काय होतंय धुरपताबाई?” गुरुपादप्पा म्हणाले. “तुम्ही चिमूटभर. आन लोखंड तर जायलाच पायजे.”

ते माझ्यापाशी आले, जोडे न काढता पाट्यावर उभे राहिले. आधीच्या पुकाऱ्यात ते एक्याण्णव होते.

“तोल भुजंग. कडता नको.”

भुजंगने वजन सरकवलं. मी माझी सगळी थरथर आवरली.

“ब्याण्णव, आप्पा.”

“म्हणजे माझ्यातबी कापला होता.” गुरुपादप्पा खाली उतरले. “मी ऱ्हातो. साहेब, बैठकीत तुम्हीच सांगा आमचं काय ते.”

“आज आप्पाचं खरं वजन कळलं,” धुरपताबाई म्हणाली आणि शिडी चढली.

मित्रांनो, त्या दुपारी विमान धावपट्टी बरीच शिल्लक असतानाच उठलं. बाभळींच्या खूप वरून गेलं. गुरुपादप्पा उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होते. भुजंग माझ्या पाट्यावर बसून होता. त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही.

पंचशीलाला मुलगी झाली. लोह्याकडची टोकं आठवड्यात धार लावून परत आली. मोठं विमान मात्र दुसऱ्या गावाला मिळालं. बैठकीत आमची बाजू कुणी मांडली की नाही, ते इथे कुणालाच कळलं नाही. मिरचीची ती चार खोकी मुंबईला पोचली. त्यापुढे एकही गेलं नाही.

कप्तानांनी भुजंगला ठेवून घेतलं. त्यांची अट एकच होती. प्रत्येक वजनाआधी दांडी शून्यावर आणायची आणि दांडी दाखवेल तेच बोलायचं. भुजंगने ती अशी पाळली की पुढे नऊ वर्षं तो प्रत्येक आकड्यामागे दोन शब्द जोडायचा. “छप्पन्न, कडता न्हाई.” “एकसष्ट, कडता न्हाई.” नवख्या प्रवाशांना वाटे, विमानतळावर असंच म्हणतात. पावसाळे परत आले. नंतर ते विमानही बंद झालं, मग दुसरं आलं, तेही बंद झालं. भुजंग थकून धर्माबादला गेला. जाताना त्याने माझ्या धारांना तेल घातलं, दांडी शून्यावर आणली आणि निघून गेला.

आता लाल आकडे दाखवणारा विजेचा काटा आला आहे. तो शिंकायला लावत नाही. मला शेडमध्ये ढकललं. त्याच दिवशी कुणीतरी हातातला एक गठ्ठा माझ्या पाट्यावर टेकवला आणि तसाच विसरला. कंपनीची जुनी दिनदर्शिका आहे ती, शेकडो प्रती. प्रत्येक पानावर त्या मोठ्या विमानाचं चित्र, जे आमच्याकडे कधी आलंच नाही. तेव्हापासून माझी दांडी वर उचललेली आहे. रोज, रात्री, सणावारी, मी तो गठ्ठा तोलतोच आहे. माझी थरथर थांबत नाही, ती यामुळे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, दुकानात, शाळेच्या खोलीत एखादा जुना काटा असेल. त्याला धुळीपासून जपा. त्याच्या धारांना वर्षातून एकदा तेल द्या. तो दाखवेल तेवढंच बोला, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही, कारण त्या आकड्यावर कुणीतरी विसंबलेलं असतं. आणि त्याच्यावर काही ठेवलंत, तर विसरून जाऊ नका. कधी नांदेडला आलात, तर मागच्या शेडमध्ये डोकावून जा. तो गठ्ठा उचला आणि मला एकदा शून्यावर येऊ द्या. फार जड नाही.

साडेसतरा किलो. कडता न्हाई.