कुझ्माचं तेल आणि पाच परीक्षक

आमच्या शाळेत नऊ मुलं आहेत. बेटावर मुलंच तेवढी, त्याला शाळा तरी काय करणार? पण त्यांची ऐट पाहाल तर वाटेल नव्वद आहेत. मी फिलोमेना, शाळेत स्वयंपाक करते, म्हणून सांगते, जेवतात तरी नव्वदांचं.

यंदा त्यांनी काय काय केलं ते सगळं सांगत बसले तर चुलीवरची भाजी करपेल. उन्हाळ्याआधी खाडी पोहून पार केली. बाई होडीतून शेजारून चालल्या होत्या आणि सात वर्षांचा श्पिरो पाण्यातून त्यांनाच ओरडून सांगत होता, "बाई, जरा भरभर वल्हवा!" मग लॅव्हेंडरचे साबण करून बोटीवरच्या प्रवाशांना विकले आणि शाळेच्या छपरावरची फुटकी कौलं बदलून घेतली. पलीकडे स्प्लिट शहरात जाऊन नाटकही केलं. त्यात गाढवाचं काम करणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, तेव्हापासून तो माझ्याकडे गाजर मागतो.

पण मला खरा अभिमान आहे तो शाळेमागच्या ऑलिव्हच्या रानाचा. त्याचे मालक आमच्या आज्यांच्या काळात चिलीला गेले ते गेलेच. झाडं काट्यांनी गिळून टाकली होती. आमच्या शिक्षिका नेवेन्काबाईंनी मुलांना हातमोजे आणि कात्र्या दिल्या आणि दोन हिवाळे ही नऊ पोरं तिथे काटे काढत होती. रोज कोणी ना कोणी बोट पुढे करून माझ्या स्वयंपाकघरात उभं, आणि मी एका हाताने भाजी ढवळत दुसऱ्या हाताने सुई शोधत असे. गावाने यथेच्छ थट्टा केली. यंदा ऑक्टोबरात झाडं लगडली. मुलांनी सकाळी फळं उतरवली, त्याच दिवशी गावच्या घाण्यावर नेली, आणि त्या तेलाला जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. चषक माझ्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी आहे, कारण वर्गात जागा नाही.

एवढ्यावर थांबतील तर ती आमची मुलं कसली! मुख्य भूमीवरून एक बाई शनिवारी येऊन त्यांना तेल पारखायला शिकवू लागली. तेलाचा रंग दिसून मत बनू नये म्हणून पेले निळे लागतात. मुलांनी बाळांच्या खाऊच्या रिकाम्या बरण्या निळ्या रंगवल्या. बरणी तळहातात धरून ऊब द्यायची, वरून दुसरा हात झाकायचा, मग हुंगायचं, घोट घ्यायचा आणि दातांतून सुर्र करून हवा आत ओढायची. चांगलं तेल कडसर लागतं, घशात ठसका आणतं. वाईट असेल तर कुबट, नाहीतर खवट. पाच जण त्यात तरबेज झाले. त्यांत सगळ्यात तल्लख नाक चौथीतल्या दिंकाचं. बंद डब्यावरून सांगते, मावशी, आज सार्डिन मासे कालचे आहेत. मला राग येतो, पण ती चुकत नाही.

आणि इथेच घोटाळा झाला, कारण दिंका ही बार्बा कुझ्माची नात.

बार्बा म्हणतो आम्ही वडीलधाऱ्या माणसाला. कुझ्मा तर सगळ्या गावाचाच वडीलधारा. तरुणपणी त्याची मोटरबोट होती, आणि बेटावर डॉक्टर नव्हता तेव्हा कितीतरी बायकांना, पोरांना त्याने वादळातून पलीकडच्या इस्पितळात पोचवलं. पैसा कधी घेतला नाही. दिंकाचा बाप जहाजावर, आई जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करते, त्यामुळे दिंका या आजोबांपाशीच वाढते. ती त्याला नोनो म्हणते. तो तिला रोज शाळेत सोडतो, रोज न्यायला येतो.

आता त्याच्या तेलाविषयी. पूर्वी आमच्या गावात घाणा नव्हता. शेजारच्या गावी नंबर लागेपर्यंत आठवडेच्या आठवडे जायचे, म्हणून फळं सडू नयेत यासाठी पोत्यात भरून समुद्रात बुडवून ठेवत. घाणा येऊन जमाना झाला. सगळ्यांनी समुद्र सोडला, कुझ्माने नाही. "समुद्र न पाहिलेलं तेल म्हणजे मोटारीचं तेल," असं तो म्हणतो आणि अजून पोती धक्क्याला बांधतो. त्या तेलाचा वास सांगायचा तर ओले मोजे, बंद पेटी आणि जुनं चीज एकत्र. आणि संत निकोलाच्या सणाला गावातलं उत्तम तेल निवडतात, ते दरवर्षी कुझ्माचंच! गुत्त्यातले तीन म्हातारे परीक्षक, तिघांच्याही बायका कुझ्माच्या बोटीतून इस्पितळात पोचलेल्या. दुसरं काय होणार?

यंदा नेवेन्काबाईंनी गावसभेत सांगितलं, की परीक्षा मुलं करतील, निळ्या बरण्यांत. ज्या तेलात पाचही जणांना दोष सापडेल ते बाद. गावाला गंमत वाटली. सगळ्यात मोठ्याने हो म्हणाला तो कुझ्मा.

सणाच्या आदल्या दिवशी दिंका स्वयंपाकघरात आली.

"मावशी, काम आहे का तुला?"

"छे गं, मी इथे हवा खायला उभी आहे. बोल."

"बरणीवर नाव नसलं तरी मला नोनोचं तेल ओळखू येईल. रोज जेवते ना मी ते."

मी पळी खाली ठेवली. "सर्दी झाली म्हणून सांग. मी काढा करते, गळ्याला मफलर गुंडाळ. कोण तपासायला येतंय?"

"मग चारच परीक्षक उरतील. आणि नोनो विचारेल, सर्दी कशाने झाली. त्याला खोटं सांगू?"

"मग काय, सगळ्या गावासमोर खरं सांगणार आहेस?"

ती पावाची कड खरवडत बसली. मग खाली मान घालून म्हणाली, "त्यानंतर तो मला न्यायला येईल ना गं?"

मी तिला पाव दिला आणि त्यावर अंजिराचा तुकडा. ती गेल्यावर मात्र माझाच जीव टांगणीला लागला. म्हातारा मानी. गेल्या वर्षी कोणी त्याच्या टोपीला जुनी म्हटलं तर महिनाभर गुत्त्यात आला नव्हता.

सणाच्या दिवशी शाळेच्या वर्गात गाव मावेना. मागच्यांनी खिडक्यांत बसून घेतलं. बाईंनी आणि मी माझ्या स्वयंपाकघरात सहा घरांचं तेल बरण्यांत ओतलं, अंक चिकटवले. चार नंबर कुझ्माचा, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. कुझ्मा खलाशाचा निळा कोट घालून पहिल्या रांगेत बसला होता आणि शेजारच्या मिकुलाला कोपराने ढोसत होता.

"मिकुला, तू घरी जाऊन झोप. माझी परीक्षक तिथे बसलीय. रक्ताची आहे, रक्ताची!"

"बघू, बघू," मिकुला म्हणाला, आणि कपाळ पुसलं. मिकुला हा त्या तीन जुन्या परीक्षकांपैकी एक. यंदा त्याचंही तेल सहांत होतं, पण त्याला घाम फुटला तो कुझ्माच्या तेलापायी, हे मला कळलं.

पाच मुलं एका ओळीत बसली. काय ती शिस्त! हुंगून झालं की घोट, घोट झाला की सुर्र. मागून कोणी म्हणालं, "अरे, न्हाणीघराची मोरी तुंबली वाटतं." मुलांनी वळूनही पाहिलं नाही. मध्ये सफरचंदाची फोड खाऊन तोंड साफ करायची, पुन्हा हुंगायची. एक नंबर, चांगलं, ठसका आहे. दोन नंबर, बरं, पण मिळमिळीत. तीन नंबरला श्पिरो इतका खोकला की डोळ्यांत पाणी आलं, आणि आनंदाने ओरडला, "हे भारी आहे!"

मग चार नंबर.

श्पिरोने झाकणारा हात उचलला आणि नाक मुरडलं. "कुबट. आमच्या तळघरासारखं."

वर्गात कोणी हसलं नाही. वास तिसऱ्या रांगेपर्यंत आला होता आणि गावातल्या प्रत्येकाला तो वास माहीत होता.

"कुबट," दुसरा म्हणाला.

"कुबट आणि खवट," तिसरी.

"कुबट," चौथ्याने सांगितलं, आणि एका म्हाताऱ्याने खेकसून म्हटलं, "पोरांना काय कळतंय!"

मी कुझ्माकडे पाहिलं. त्या वासाची त्याला इतकी सवय, की तो जाणवलाच नव्हता. तो खूश होता! मांडीवर थाप मारून मिकुलाला म्हणाला, "अरेरे, तुझं दिसतंय हे. कशात ठेवतोस तू तेल, गमबुटात?"

मिकुलाने मान वर केली नाही.

दिंकाने बरणी उचलली. बाकीची मुलं घोट थुंकून टाकत होती, तिने गिळला. मग उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या खिडकीपर्यंत गेला.

"बाई, माझा शेरा धरू नका. मला वासावरून कळलं हे कोणाचं आहे, ते नियमात बसत नाही." मग ती बाईंकडे बघायची थांबली आणि सरळ आजोबांकडे वळली. "हे आपलं आहे, नोनो. आणि कुबट आहे. फळं पोत्यात राहून आंबतात. तुझी झाडं गावात सगळ्यात चांगली आहेत, आमच्या झाडांपेक्षासुद्धा. फळं उतरवलीस की लगेच घाण्यावर ने ना रे. मला घरी ते आवडतं, कारण तू वाढतोस. पण इथे मला तेल विचारलंय."

कुझ्मा उठला. मला वाटलं, आता दाराकडे जाणार. तो टेबलाकडे गेला. चार नंबरची बरणी उचलून हुंगली, घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"हे माझंच आहे," तो म्हणाला. "मला तर छान लागतं."

मग तीन नंबर उचलला. घोट गिळला आणि असा ठसकला की टोपी पडली. टोपी उचलून त्याने दोन्ही बरण्या पुन्हा हुंगल्या. मग मिकुलाकडे वळला.

"दर ख्रिसमसला तू माझ्याकडून बाटली नेतोस."

"नेतो की."

"काय करतोस तिचं?"

मिकुला बुटांकडे बघत पुटपुटला, "होडीच्या वल्ह्यांना लावतो. चांगली सरकतात."

"फादर, तुम्ही?"

"देवापुढच्या दिव्यात," फादर म्हणाले आणि लाल झाले. "उत्तम जळतं, कुझ्मा, खरंच उत्तम."

"फिला?"

आता मी काय सांगणार? "बिजागऱ्यांना," मी म्हटलं. "माझ्या घरचं एकही दार कुरकुरत नाही."

"आणि एकालाही तोंड नव्हतं? इतक्या वर्षांत एकदा कोणी म्हणायचं, कुझ्मा, तुझं तेल खाववत नाही!"

मिकुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आदर आहे रे तुझ्याविषयी. त्या रात्रीच्या वादळात तू नेलं नसतंस तर माझी बायको आज नसती. तुला कोण आणि कसं सांगणार?"

"आदर," कुझ्मा म्हणाला.

दिंका अजून उभीच होती, हातात रिकामी बरणी. कुझ्मा टेबलाला वळसा घालून गेला आणि तिच्या शेजारच्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे पार छातीशी आले. त्याने तिला हाताला धरून खाली बसवलं, खिशातला रुमाल काढून तिचं नाक पुसलं, आणि पाच नंबरची बरणी तिच्याकडे सरकवली.

"दोन राहिलीत अजून. संपव आधी."

तिने बरणी दोन्ही हातांत धरली. मग त्याने आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पहिल्या रांगेपासून खिडक्यांपर्यंत.

"एवढ्या गावात माझा आदर करणारं एकच माणूस निघालं," तो म्हणाला, "आणि त्याचे दुधाचे दातसुद्धा अजून सगळे पडले नाहीत."