ओल्या रेतीतला तांब्या

धर्मपालनं बांबूचं बूड दमणीच्या चाकाला आवळून बांधलं, दोरीला शेवटची गाठ मारली आणि मान वर करून पाहिलं. बांबूच्या टोकापासून निघालेली तार वीस हातांवरच्या बाभळीपर्यंत ताणून गेली होती. तिच्यावर एक चिमणी येऊन बसलीसुद्धा.

"वायरमन, तार नागपूरच्या अंगाले पायजे ना?" सतरंजीवर बसलेल्या देवरावांनी विचारलं.

"तिकडं नसली तरी चालते जी. उंच पायजे फक्त."

देवरावांना हे काही पटलं नाही. त्यांनी रेडिओ दोन्ही हातांनी उचलला, नदीपलीकडे नजर टाकून अंदाज घेतला आणि त्याचं तोंड नागपूरच्या दिशेला करून पुन्हा सतरंजीवर ठेवला. ज्याच्याकडून आवाज यायचा त्याला पाठ कशी दाखवायची, असा त्यांचा साधा हिशेब होता. धर्मपालनं हसू दाबलं आणि पक्कड पिशवीत टाकली.

कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा भरली होती. वर्धेच्या काठी रेतीत बंड्याच बंड्या सुटल्या होत्या, बैल कडबा चघळत होते, जागोजागी तीन दगडांच्या चुली धुपत होत्या. देवराव आणि मनकर्णाबाई दरसाल इथं चार दिवस मुक्कामाला येत. छपराच्या दमणीत झोपायचं, दमणीपुढं रांधायचं, पहाटे नदीत बुडी मारून देवळात जायचं. मात्र घरचा रेडिओ त्याच्या जडशीळ बॅटरीसकट गाडीत घालून आणण्याची ही पहिलीच वेळ. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला देवरावांनी रेडिओ मांडीवर घेऊन तोंड दिलं होतं.

कारण तसंच होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा सहदेव फौजेत होता. लढाई थांबून दीड महिना झाला होता, आणि गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं होतं. फौजेच्या दवाखान्यात आहे, हाताला मार लागला, आता बरा आहे. जवानांचे निरोप रेडिओवरून ऐकवतात, त्यात मीही बोललो आहे. अमुक तारखेला संध्याकाळी सहा वाजता नागपूर लावा.

मनकर्णाबाईंना वाचता येत नव्हतं, पण पोराचं अक्षर ओळखता येत होतं. त्याच्या ओळी नेहमी उताराला लागल्यासारख्या खाली खाली जायच्या. या पत्रातल्या ओळी सरळ होत्या.

"हे त्यानं नाई लिवलं," त्या म्हणाल्या होत्या.

देवरावांनी समजावलं, की हाताला मार लागल्यावर दुसऱ्यानंच लिहून दिलं असणार. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं आणि पत्र देव्हाऱ्यात न ठेवता डब्यात ठेवलं. दुसऱ्यानं लिहिलेलं पत्र कुणाच्याही नावानं येऊ शकतं, नसलेल्याच्या नावानंही. निरोपाची तारीख नेमकी यात्रेत आली. यात्रा मोडली तर देवी कोपेल आणि रेडिओ मोडला तर पोराचं काही कळणार नाही, म्हणून दोन्ही एकाच गाडीत आले. आणि आज पहाटे नदीतून बाहेर येताना मनकर्णाबाईंनी सांगून टाकलं, की सहदेवचा आवाज कानावर पडल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही.

तसंच एक पत्र सहदेवनं बडनेऱ्याला धर्मपाललाही धाडलं होतं, त्याच सरळ अक्षरातलं. आमच्या बाबाले कान पिरगाळण्यापलीकडं रेडिओतलं काही समजत नाही, तू जाय, एवढंच त्यात होतं. धर्मपाल रेल्वेच्या तारखात्यात होता. त्यानं एक दिवसाची रजा टाकली आणि तारेचं भेंडोळं पिशवीत घालून मोटारीनं आला.

दोघं एकाच गावचे. अमरावतीला मॅट्रिकपर्यंत एकाच बाकावर बसलेले, एकाच डब्यातली भाकरी मोडलेले. पण सुटीत गावी आले, की सहदेव ओसरीवर चढायचा आणि धर्मपाल अंगणात थांबायचा. तहान लागली, की मनकर्णाबाई वरून पाणी ओतायच्या आणि तो ओंजळ धरून प्यायचा. तेव्हा त्याचं नाव श्रावण होतं. छप्पन्न साली घरच्यांनी दीक्षा घेतली, तो धर्मपाल झाला, आणि त्या रात्री त्याची आई केशरबाई म्हणाली, "आता तहानेनं जीव गेला तरी चालन, पण ओंजळ धरायची नाई." नऊ वर्षं त्यानं ती धरली नव्हती. बाहेर पडताना फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या पाण्यानं भरून पिशवीत असायचाच.

आजही दुपारी तो आला तेव्हा देवरावांनी "पाणी?" असं विचारलं आणि कशात द्यावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं. धर्मपालनं पिशवीतून आपला तांब्या काढून दाखवला. तिघांनाही हायसं वाटलं. देवराव माणूस वाईट नव्हते. जुनं नाव घ्यायची त्यांना लाज वाटे आणि नवं जिभेवर बसत नसे. म्हणून त्यांनी 'वायरमन' काढलं होतं.

धर्मपालनं रेडिओची खुंटी फिरवली. आतला दिवा उजळला. मग खरखर, दूरवर कुणीतरी गातंय असं काहीतरी, पुन्हा खरखर.

"बोलून राहिला!" देवराव म्हणाले.

"नाई जी. जमीन लागत नाई त्याले." त्यानं रेडिओमागची दुसरी तार दाखवली. "ही ओल्या जमिनीत पायजे. घरी तुमी विहिरीच्या नळाले बांधली हाये. इथं समदी कोरडी रेती."

नदी पन्नास पावलांवर होती आणि तार दहा पावलांची. त्यानं सोबत आणलेला लोखंडी गज रेतीत ठोकून पाहिला, खरखर तशीच राहिली. मग गुडघ्यावर बसून त्यानं हातांनी खड्डा उकरला. कोपरभर खोलीवर रेती गार लागली. पण गज पडला बोटाएवढा. मोठ्या पोटाचं, तांब्यापितळेचं काहीतरी हवं होतं.

"एखादं भांडं भेटन काय? तांब्याचं असलं तर बरं."

देवरावांनी बायकोकडं पाहिलं. चुलीशेजारी तीन दगडांवर तांब्याचा गुंड भरून ठेवला होता, लख्ख घासलेला. मुक्कामाचं पिण्याचं पाणी त्यातच असे. मनकर्णाबाईंनीही गुंडाकडं पाहिलं आणि मग चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

धर्मपालनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की ते बरोबर घरी न्यावं लागतं. त्यानं पिशवीतून आपला तांब्या काढला, गळ्याला तारेचे सात-आठ वेढे दिले, खड्ड्यात आडवा ठेवला आणि झाकण उघडून आतलं पाणी सगळं रेतीत जाऊ दिलं. दुपारपासून तो दोनच घोट प्यायला होता.

"मूठभर मीठ द्या," तो म्हणाला. "ओल टिकते."

मनकर्णाबाईंनी मीठ आणलं आणि पळसाच्या पानावर त्याच्यासमोर रेतीत ठेवलं. मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची आईसुद्धा देत नसे. पण हे पान त्या रिवाजानं खाली ठेवलं की दुसऱ्या, हे कसं ओळखायचं? त्यानं ते उचललं, तांब्याभोवती पसरलं आणि वरून रेती लोटली.

नागपूर लागलं. इतकं स्वच्छ, की शेजारच्या बंड्यांवरची माणसं भाकरी हातात घेऊन उठून आली. सूर्य नुकता बुडाला होता. सहा वाजले आणि निवेदकानं जवानांच्या निरोपांचा पुकारा केला. सातारचा एक जण बोलला, मग नांदेडचा. मनकर्णाबाई रेडिओपासून दूर, चुलीशी पाठ करून उभ्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. तिसऱ्याचं नाव घेतलं आणि खरखर वाढली. चौथ्याचा आवाज तळाशी गेला.

"काय झालं? काय झालं बे?" देवराव ओरडले.

"रेती पाणी पिऊन राहिली," धर्मपाल म्हणाला. त्याचा हात खुंटीवर होता. सोडला तर होतं तेही गेलं असतं. "पाणी पायजे. आता!"

नदी पन्नास पावलांवर. देवरावांचे गुडघे कामातून गेलेले. मनकर्णाबाईंनी गुंड उचलला, कमरेवर घेतला, खड्ड्यापाशी आल्या आणि वरून धार धरली. सबंध गुंड. पाणी रेतीत मुरत खाली त्याच्या तांब्यापर्यंत गेलं. धर्मपालला ती धार ओळखीची वाटली. त्यानं खुंटीवर नजर ठेवली.

आवाज वर आला.

"…जिल्हा अमरावती. जवान सहदेव देवराव."

मग एक गडी बोलू लागला. बाबा आणि आई यांना नमस्कार, माझी प्रकृती उत्तम आहे, हाताची जखम भरून येत आहे, आपण काळजी करू नये. लिहून दिलेला कागद वाचावा तसा, एकेक शब्द मोजून.

"हा त्याचा आवाज नोहे," मनकर्णाबाई म्हणाल्या. रिकामा गुंड त्यांनी पोटाशी धरला होता. "हा कोणी दुसरा हाये. मी म्हनत नोहती काय!"

देवरावांनाही तो ओळखू येत नव्हता. धर्मपाललाही येत नव्हता.

तिकडं कागद संपला असावा. तो बाजूला सारल्याची सळसळ झाली. मग तोच गडी घाईघाईनं, जवळ येऊन बोलल्यासारखा म्हणाला:

"आई वं, पाणी पे. तू पाणी सोडून बसली असशील, मले मालूम हाये."

पुढं बेळगावचा कुणीतरी बोलायला लागला. देवरावांनी धोतराचा सोगा तोंडावर घेतला आणि भर माणसांत हमसून रडले. गर्दीतल्या एका म्हातारीनं मोठ्यानं देवीचं नाव घेतलं. धर्मपालनं आवाज हळू केला. त्याचा घसा रेतीसारखा झाला होता. एवढा वेळ तहान कुठं गेली होती कोण जाणे, ती आता एकदम आली.

मनकर्णाबाई खड्ड्याशी बसल्या होत्या. दोन्ही हातांनी रेती उकरून त्यांनी तांब्या बाहेर काढला. तारेचे वेढे सोडवायला वेळ लागला, पण कुणाला बोलावलं नाही. मग तो घेऊन त्या नदीकडं गेल्या.

धर्मपालनं पाहिलं, त्या काठावर बसून तांब्या घासत होत्या. रेतीनं, मग चिखलानं, मग पुन्हा रेतीनं. बराच वेळ. घासणारच, त्याच्या मनात आलं. आपल्या हाताचा त्याच्या भांड्याशी आलेला तेवढाही संबंध त्यांना ठेवायचा नसेल. त्यानं पक्कड, गज, उरलेली तार पिशवीत भरली. घाई केली तर तिवशाची शेवटची मोटार गाठता येण्यासारखी होती. पाणी वाटेत कुठंही मिळालं असतं.

मनकर्णाबाई भरलेला तांब्या घेऊन आल्या. दमणीपाशी उभ्या राहिल्या, आणि त्याला तोंड लावून, डोळे मिटून, घटाघटा अर्धा तांब्या प्यायल्या. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं.

देवराव दचकले. माणसं अजून पांगली नव्हती. "अवं," ते हळूच म्हणाले, "तो तांब्या त्याचा…"

"मले मालूम हाये."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या धर्मपालच्या हातात दिला. पानावर नाही, दगडावर नाही, हातात.

"पे बाबू. तूबी दुपारपासून तहानलेलाच हायेस."

धर्मपालला पाणी वरून प्यायची सवय होती. चालत्या गाडीत भांडं दातांवर आपटू नये म्हणून ती लागतेच. त्यानं तांब्या वर उचलला, मग खाली आणला आणि तोंडाला लावला. नदीचं पाणी गार होतं, किंचित खारट. तळाशी रेती राहिली होती, ती शेवटच्या घोटाबरोबर दातांखाली करकरली.

त्यानं ती थुंकली नाही.