दुखरा खांदा

माझा हात चांगला, असं आमच्या धुळ्याच्या सरकारी क्वार्टरांत सगळे म्हणायचे. बाळ कितीही रडकं असो, पायांवर घेऊन तेल चोळलं, वरून दोन तांबे कोमट पाणी घातलं, की गप. बाळंतीण घरी आली की आधी मला बोलावणं यायचं. आणि नाही आलं तरी मी जायचे.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर शेजारच्या द्रौपदाबाई दाराशी आल्या. "अक्का, सूनले पोऱ्या झाया. तुम्हना हात चांगला शे, बठ्ठी गल्ली सांगस. पाच-सात दिन आंघोळ घाली द्या."

द्रौपदाबाईंचं घर बौद्ध. आमची भिंत एकच, पण आठ वर्षांत मी त्यांच्याकडे घोटभर पाणी प्यायले नव्हते. न्हाऊ घालायला जायचं म्हणजे त्यांच्या मोरीत बसायचं, नंतर चहा घ्यायचा, आणि समोरच्या ताईबाई तर दिवसभर खिडकीतच. मी खांद्यावर हात ठेवला.

"मन्हा खांदा भलता दुखस, द्रौपदाबाई. हात वरच जात नही."

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी खांद्याला चोळायला तेलाची बाटली पाठवली. ती मी उघडलीसुद्धा नाही.

जानेवारीत ह्यांना प्रवास-सवलत मिळाली आणि आम्ही दोघं अंदमानला गेलो. माझा धाकटा भाऊ पितांबर तिथे पोर्ट ब्लेअरला तारखात्यात होता. तीन दिवस बोटीत ओकून मी अर्धी झाले होते. पण दुसऱ्याच सकाळी शेजारून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मी पदर खोचला.

नूकम्मा नावाची तेलुगू पोरगी, नऊ दिवसांची बाळंतीण. नवरा होडीवर, घरात मोठं माणूस नाही. ती बाळाला धरायची तेच मुळी घाबरत. तिळाचं तेल मिळेना, तर मी खोबरेल घेतलं. आपल्या पद्धतीप्रमाणे दारं-खिडक्या लावून खाटेखाली शेगडीही ठेवली. त्या दमट उकाड्यात ती बिचारी घामाने निथळली, पण मोठ्या बाईला नाही कसं म्हणावं म्हणून पडून राहिली. शेवटी मलाच घेरी आली, तेव्हा शेगडी बाहेर गेली. पंधरा दिवस मी तिच्या लेकीला न्हाऊ घातलं. तिच्या घरचा भात खाल्ला, तिच्या माठातलं पाणी प्यायले. जात विचारायचं मनातही आलं नाही. तिथे खिडकीत ताईबाई नव्हत्या.

निघताना नूकम्मा गळ्यात पडून रडली. आपण फार मोठं काही केलं असं मला वाटलं.

मार्चमध्ये पितांबरने फोटो पाठवला. त्यात मी पाटावर बसलेय आणि न्हालेलं बाळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून हसतेय. तो फोटो मी ओट्या-ओट्यावर मिरवला. "ना ओळख ना पाळख, पण माणुसकी म्हणून काही असते की नाही," असं वर जोडून सांगितलंही. ताईबाईंच्या ओट्यावर बायका गहू निवडत होत्या. फोटो या हातातून त्या हातात गेला, आणि शेवटी पायरीवर नातू मांडीवर घेऊन बसलेल्या द्रौपदाबाईंकडे पोचला. त्या तिथे आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

नातू फोटोवर झडप घालायला लागला. त्यांनी त्याचे लाळेचे हात पदराने पुसले, फोटो जरा लांब धरला आणि बराच वेळ बघितला. मग काळजीपूर्वक माझ्या हातात दिला.

"खांदा बरा झाया वाटस, अक्का."

आवाजात टोमणा असता तर मी भांडले असते. तसा टोमणा नव्हता. बायकांचे हात गव्हात तसेच चालू होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला पहिली आंघोळ मी घालायची, तो पाच महिन्यांचा होऊन माझ्याकडे बघून बोळकं दाखवत होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. माझा हात आपसूक खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तेव्हा उजवा सांगितला होता की डावा, तेच मला आठवेना.