नुस्तं

श्रावण चालू होता. म्हणजे गोव्यातल्या सर्वण गावच्या घराघरांतून मासळी हद्दपार, आणि देवळाच्या मंडपात चतुर्थीच्या फुगडीची तालीम. सातवीतल्या स्वातीला तिथं गौरवीची जोडीदारीण म्हणून जागा मिळाली होती. गेल्या वर्षी कोल्हापूरकडून बांधकामावर आलेल्या माणसांची ही पोर. वर्गात कोणी तिला बाकावर शेजारी घेत नव्हतं, आणि आता गावच्या मुलींचे हात तिच्या हातात! पोरीचे पाय जमिनीला लागेनात. त्याच तोऱ्यात काल थाप मारून बसली, "आमच्याकडे रोज दोन भाज्या असतात, शिवाय गोड."

आज तिची आई अनुसया कामावर जाता जाता विसरलेला डबा द्यायला आली. फुगडी शिकवणाऱ्या संजनाकाकींनी सहज विचारलं, "डब्यात काय आणलंय?"

"काय न्हाय वो, नुस्तं आपलं भात हाय."

झालं! तिच्या बोलीत नुस्तं म्हणजे फक्त, बाकी काही नाही. इथल्या कानाला नुस्तें म्हणजे मासळी. श्रावणात, देवळात, मासळीभात! मुली चटकन मागे सरल्या. अनुसया दिवसभर आपल्याच माणसांत काम करणारी, तिला कोकणीचा गंध नाही; पोरी का सरल्या ते न उमगून ती कसनुशी हसत उभी राहिली.

स्वातीला मात्र दोन्ही बोली कळत होत्या. एका शब्दात घोळ मिटला असता. पण मग झाकण उघडायचं आणि सगळ्यांनी तो कोरडा भात बघायचा. कालच्या दोन भाज्या कुठं गेल्या?

गौरवी अजून तिचा हात धरून होती. "काकी, ती तसलं काही आणणार नाही," ती म्हणाली. "सांग गो, स्वाती."

संजनाकाकी बाई मायाळू. पोरीला घालवायचं त्यांच्याही मनात नव्हतं. त्या जवळ आल्या. "मी रागावत नाही, बाय. तुझ्या तोंडानं सांग. नुस्तें आहे?"

स्वातीला वाटलं, वाईट म्हणाले तर म्हणोत, पण बिचारी म्हणायला नकोत.

"हो," ती म्हणाली. "नुस्तें."

गौरवीनं हात सोडला. अनुसयेला वाटलं, लेक आपलीच री ओढते आहे. तिनं मान डोलावली. "व्हय तर," ती म्हणाली, "नुस्तंच."