कडव्या वालांचे बियाणे

कार्तिकातले ऊन हे क्षमेचे ऊन असते. सुवर्णकोवळे, दवभिजले, गवताच्या पात्यापात्यावर हात ठेवून सर्वांना सर्व काही माफ करणारे. त्या क्षमाशील उन्हात, परसातल्या चार वाफ्यांवरून, शरयूताई आणि अच्युतराव यांचे हे एकविसावे वार्षिक भांडण चालू होते.

शरयूताईंना हवे वाल. काळसर, कडवे, हट्टी. आईच्या ओटीतून त्यांच्या ओटीत आलेले अलिबागकडचे वाल. अच्युतरावांना हवा मटार, पाचूहिरवा, मधुरगर्भ. आणि मटाराहून प्रिय भोपळे. खायचे नव्हेत, वाळवायचे, कोरायचे, छिद्रे पाडून आत दिवा ठेवायचे. निवृत्तीपासून घरात एकोणीस भोपळदिवे झाले होते. वीज मात्र कधी जात नसे.

"माणसं खातात का गं तुझे वाल?"

"माणसंच खातात. बाकीच्यांना मटार."

एवढे बोलून त्या बियाणे काढायला माळ्यावर चढल्या.

आई गेली होती. भावाने शेत विकले होते. तिथे आता बंगले उगवत. त्या वालांचा सारा वंश उरला होता शेणामातीने तोंड लिंपलेल्या एका वाळक्या भोपळ्यात, राखेत निजलेला. शेजारच्या मृदुलेने मूठभर मागितले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी बघू.

माळ्यावर धुळीत एक वाटोळी स्वच्छ जागा होती. फक्त जागा.

भोपळा मागच्या पायरीवर सापडला. ओलाचिंब. वरच्या अर्ध्या अंगभर छिद्रे, नक्षत्रांनी भरलेल्या आभाळासारखी, नेटकी, सुंदर.

"अहो, यात माझं बियाणं होतं."

अच्युतरावांच्या हातातली खुरपी थांबली. "वाजत होतं खरं. मला वाटलं, त्याच्याच बिया. आतला गर सुटावा म्हणून काल उकळतं पाणी ओतून ठेवलं."

"आणि सगळे वाल?"

"छिद्रातून दिसले. भोपळ्याच्या बिया इतक्या गुबगुबीत कशा, असं मनात आलं होतं. पण आलं तेवढंच."

शरयूताईंनी लिंपण फोडून भोपळा कलता केला. राखाडी पाणी वाहिले, आणि त्यामागून वाल आले. फुगलेले, फिकटलेले, बुडालेल्यांच्या बोटांसारखे. एक सोलून त्यांनी नखाने उघडला. जिथे अंकुराचा डोळा असतो, तिथे शिजलेली शांतता होती. दुसरा उघडला. तिसरा. समोर वाफा काळाशार, ओलसर, उघडा, कुणाची तरी वाट पाहत पडला होता.

त्या रडल्या नाहीत. परात घेऊन पायरीवर बसल्या आणि सोलू लागल्या. थोड्या वेळाने अच्युतरावही शेजारी बसले, न बोलावता. साले पडत राहिली, ऊन सरकत राहिले, आईच्या हातचे एक एक वर्ष टरफलातून निसटत राहिले.

दुपारी उसळ झाली. ज्यांनी एकवीस वर्षांत वालाला बोट लावले नव्हते, त्या अच्युतरावांनी मान खाली घालून पुन्हा वाटी पुढे केली.

"आहेत अजून?"

"नाहीत," शरयूताई म्हणाल्या. "संपले."

अच्युतरावांनी मान हलवली. उरलेला रस भाकरीने निपटून घेतला, सावकाश, कडेकडेने.

उसळीत गूळ घालायचा राहिला होता.