कागदावरची मालकीण

विश्वजितनं घटस्फोटाचा मसुदा टेबलावर टाकला तेव्हा वर्षाराणी भाकरी थापत होती.

"वाच," तो म्हणाला. "कारखाना सगळा तुला. शेड, मशिनरी, नाव, सगळं. मला काय नको. दोघांच्या संमतीनं सही करू आन् मोकळं हू. तूबी, मीबी."

एवढा दिलदार नवरा अख्ख्या कोल्हापुरात दिवा घेऊन फिरलं असतं तरी सापडला नसता. चार वर्षं हा माणूस मोना नावाच्या बाईबरोबर नागाळा पार्कातल्या फ्लॅटवर राहत होता आणि मळकी कापडं धुवायला बायकोकडं आणून टाकत होता. आता मोनाला मंगळसूत्र पाहिजे होतं, म्हणून हा दानशूर झाला.

शिरोली एमआयडीसीतला तो कास्टिंगचा, म्हणजे लोखंडाचा रस साच्यात ओतायचा कारखाना पहिल्या दिवसापासून वर्षाराणीच्याच नावावर होता. महिला उद्योजक म्हटलं की कर्ज स्वस्त, सवलती जास्त, एवढंच त्याचं कारण. असल्या मालकिणी तिथं पैशाला पासरी. फीत कापायची, फोटो काढायचा आणि घरी येऊन कुकर लावायचा. सतरा वर्षांत वर्षाराणीनं त्या कारखान्यात पाऊल टाकलं ते फक्त खंडेनवमीला, नारळ घेऊन. बाकीची मालकी ओट्यावर चालायची. चेकबुक आलं की ती पिठाचा हात पुसायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सह्या ठोकायची. नाव कोरं, रक्कम कोरी. "कशाला इचारतीस, तुला काय कळतंय त्यातलं," हे विश्वजितचं ठरलेलं उत्तर.

या खेपेला मात्र तिनं मसुदा पिशवीत घातला. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, एवढं तिनं ठरवलं. आणि चांगला वकील शोधायला ती बाहेर पडली.

पहिला विजयसिंह. त्याची पाटी मोठी आणि जिना स्वच्छ, म्हणून ती तिथं गेली. त्यानं चहा मागवला, मसुदा उलटापालटा केला. "वहिनी, नशीब काढलंसा की! डोळं झाकून सही करा." ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचायच्या आत विश्वजितचा फोन आला. "काय, विजयकडचा चहा गोड हुता का? अगं, एका तालमीत लंगोट वाळत घातलाय आम्ही दोघांनी."

या गावात ती कुठल्याही दारात शिरली तरी दाराआड त्याचाच कोणतरी बसलेला.

दुसरा नावाजलेला. पण हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात आल्यापासून नावाजलेल्यांना बायकांची भांडणं बघायला वेळ कुठला. त्यांचा ज्युनियर राजवीर भेटला. त्यानं आधी फी घेतली, मग फक्त शेवटचं पान बघितलं. "मॅडम, लकी आहात. इथं नवरे लग्नातलं ताटसुद्धा परत देत नाहीत, तुम्हाला फॅक्टरी मिळतेय."

तिसऱ्या तेजस्वी मॅडम. महिला दिनाला बायकांच्या हक्कावर त्यांचं भाषण असतंच. "घर, पोटगी असं काय मागता येईल का?" वर्षाराणीनं विचारलं तर त्या हसल्या. "पोटगी? तुमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न कोर्टानं बघितलं, तर तुमचा नवराच तुमच्याकडं पोटगी मागेल. कायद्यात बसतंय ते."

तिन्ही ठिकाणी तिला शहाणपण मिळालं. मसुद्याची बारा पानं मात्र कुणीच वाचली नाहीत. फी घेतली, टाईपराईटरसारखी तोंडं वाजवली, आणि तिला आल्या वाटेनं परत पाठवलं.

शेवटी मार्ग दाखवला तो गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या ताजबीनं. "माझ्या भाचीच्या काडीमोडाचं समदं तहरीम वकिलिणीनं केलं. तोंडानं फाटकी हाय, पन कागद वाचती," ताजबी दोरा तोडत म्हणाली. "आन् तुमच्या मालकांच्या तालमीत कधी गेली न्हाई, येवढं नक्की."

तहरीमचं ऑफिस बिंदू चौकाच्या मागं, झेरॉक्सच्या दुकानावर. तिनं चहा विचारला नाही. पाऊण तास मान खाली घालून बाराच्या बारा पानं वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मग विचारायला लागली.

"बँकेच्या कर्जाला सही कुणाची?"

"माझी."

"राहतासा ते घर?"

"सासूबाईंच्या नावावर."

"पन्हाळ्याला जागा घेतली म्हणताय ती?"

"तीपण सासूबाईंच्या."

"म्हणजे जे काय चांगलं ते आईच्या नावावर, आन् बायकोच्या नावावर कर्ज. आठव्या पानावर बघा, बारीक अक्षरात. 'कारखान्याच्या सर्व देण्यांसह.' तो तुम्हाला कारखाना देत न्हाय ताई, बुडतं जहाज गळ्यात बांधतोय." तहरीमनं चष्मा काढला. "सही केलेले कोरे चेक किती हायत त्याच्याकडं?"

वर्षाराणी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली.

"धा? पन्नास?"

"मोजलं न्हाईत कधी."

"एकेका चेकवर एकेक केस हुतीया. चेक वटला न्हाय की आरोपी तुम्ही. पिंजऱ्यात तुम्ही उभं राहायचं, त्यानं न्हाय."

वर्षाराणीनं मसुदा पुढं ओढून आठवं पान परत बघितलं. सही करावी तर कर्ज गळ्यात, नाही करावी तर कोरे चेक त्याच्या खिशात. "मग यातनं बाहेर कसं पडायचं?"

"बाहेर पडता येतंय असं मी म्हटलंच न्हाय अजून." तहरीमनं कोरा कागद ओढला. "आपण म्हणायचं, ही बाई नुसती सहीपुरती. कारखाना त्यानं चालवला, नफा त्यानं खाल्ला, तर कर्जबी त्यानंच फेडायचं, आन् हिला पोटगी द्यायची. बँकेला आजच पत्र, जुने चेक बंद. कारखाना चालवायला त्याला दिलेलं मुखत्यारपत्र रद्द. आन् एक नीट ऐका. कारखान्यात पाऊल टाकायचं न्हाय. कुणाला हुकूम द्यायचा न्हाय. दिला की तुम्ही खरोखरच्या मालकीण ठरला, आन् आपली केस बोंबलली."

बँकेतला साहेब पत्र वाचून हसला. "मॅडम, साहेबांना एकदा फोन करून घेऊ का?"

"खातं कुणाचं हाय?" तिनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. त्यानं शिक्का मारला.

दोन दिवस विश्वजितचा फोन नाही, शिवी नाही. सासूबाई मात्र येता-जाता ऐकवत होत्या, "माझ्या घरात राहून माझ्याच पोरावर वकील घालती."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. गणपतराव. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, भट्टीवरचा मुकादम.

"मालकीणबाई, साहेब काल चाव्या टेबलावर टाकून गेल्यात. म्हणले, चेक तिनं बंद केल्यात, आता तिलाच इचारा. वाळूचं दीडशे साचं भरून पडल्यात ओ. आज रस वतला न्हाय तर वाळू सुकून ढासळतीया. पार्टीचा ट्रक उद्या येणार. पोरं गेटवर बसल्यात, गगनबावड्याकडची तर पहाटं चारला घर सोडून आल्यात. भट्टी लावू का नको, तेवढं सांगा."

"थांबा," ती म्हणाली आणि तहरीमला फोन लावला.

तहरीमनं सगळं ऐकून घेतलं. "डोकं हाय बाबाला. भट्टी लावली तर पोटगी गेली. न्हाय लावली तर ऑर्डर गेली, हप्ता तुंबला, आन् बँक तुमच्या दारात. त्यानं तेवढ्यासाठीच चाव्या टाकल्यात."

"मग मी काय करू?"

"वकील म्हणून सांगते, घरात बसा."

"घर सासूचं हाय," वर्षाराणी म्हणाली.

तिनं फोन ठेवला आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात बसल्यावर वर्षाराणीचं डोकं भणभणायला लागलं. वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहून म्हणायचं काय, तर मी बिनडोक, मला काही कळत नव्हतं, मी सांगतील तिथं सही करत होते. तिची केस जिंकायची तर तिनं हे शपथेवर सांगायला पाहिजे होतं. विश्वजित सतरा वर्षं जे तिला तोंडावर म्हणत आला, तेच आता तिनं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं, आणि त्याचं बक्षीस म्हणून महिन्याला पोटगी. न्याय म्हणतात तो हा.

गेटवर चाळीसेक माणसं उकिडवी बसली होती. तिला बघून उठली. कुणाच्या डोळ्यांत आदर वगैरे नव्हता. आजचा दिवस भरतोय का नाही, एवढंच होतं.

"लावा भट्टी," ती गणपतरावला म्हणाली.

"नक्की नव्हं? साहेब मागनं काय..."

"लावा म्हटलं न्हवं."

तहरीमचा फोन आला तेव्हा भट्टीचा घुमारा सुरू झाला होता. वर्षाराणीला ओरडून बोलावं लागलं. "लावली! तेवढा अर्ज बदला, वकीलबाई. पोटगीचं काढून टाका. मी मालकीण हाय. कर्ज माझं, तर सतरा वर्षांचा नफाबी माझा. त्या नफ्यातनं त्याच्या आईचं घर कसं बांधलं, ते सांगू दे त्याला कोर्टात!"

तहरीम म्हणाली, "असं भांडता येतंय. पन सोपं न्हाय. आठ-धा वर्षं जातील. तोवर हप्ता तुम्ही भरायचा, पगार तुम्ही द्यायचा. भट्टी बंद पडली तर कुणी म्हणणार न्हाय की बिचारी बाई हुती."

"म्हाईत हाय."

"न्हाय, म्हाईत न्हाय तुम्हाला," तहरीम म्हणाली. "पन बदलते."

दुपारी भट्टी तापली. वर्षाराणीला ऑफिसात बसवेना, म्हणून ती शेडमध्ये येऊन उभी राहिली. हाताचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. पदर तोंडाला लावला तरी धूर घशात जात होता. दोन माणसं रसानं भरलेली बादली दांडीवर तोलत निघाली, तशी सगळी शेड लालभडक झाली. आपण काय विकतो, केवढ्याला विकतो, हे तिला अजून माहीत नव्हतं.

"मालकीणबाई, मागं सरा!" गणपतराव ओरडला. "रस सांडंल अंगावर!"

ती मागं सरली. टाच वाळूला लागली. मागं भरलेल्या साच्यांची रांग होती, पाय ठेवायला जागा नव्हती. ती होती तिथंच, अंग चोरून उभी राहिली.